शेवटच्या डब्यातली करवंटी

करवंटी नाकाशी धरली की मला अजून सुक्या जवळ्याचा वास येतो. सुनेने हुंगून पाहिली. म्हणाली, "आई, मला तर काहीच येत नाहीये." येत नसेल. इथे डोंबिवलीत, मानपाड्याला, संध्याकाळी कारखान्यांचा आंबूस वास खिडकीतून आत येतो, तो मला आताशा जाणवत नाही. सून मात्र माहेरी दोन दिवस राहून परतली की दारातच नाक मुरडते.

खाडीकाठच्या आमच्या कोळीवाड्यात भावाचं घर रिकामं करायला काढलं होतं. तिथे नवी इमारत उभी राहणार आहे. वहिनीचा फोन आला, "वन्सं, आईंचं काही हवं असेल तर येऊन घेऊन जा. नंतर बोलू नका." मी ठाण्याला गेले. अंगणात सगळं मांडून ठेवलं होतं. पितळेचा हंडा, दोन पाट्या, कोयता, पाटा, जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या. मी करवंटी उचलली. वहिनी बघतच राहिली.

"एवढ्या लांबून या करवंटीसाठी आलात? अहो, हंडा तरी न्या."

मी नुसतं हसले. मला कारण सांगता येत नाही. कारण असतं, पण ते तोंडापर्यंत येईतो समोरचं माणूस दुसऱ्या विषयावर गेलेलं असतं. करवंटी पदरात गुंडाळली, खोपटला येऊन बसमध्ये बसले, आणि घरी पोचेपर्यंत तिच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

तशी ती साधी नारळाची अर्धी करवंटी आहे. डोळे नसलेल्या बाजूची, म्हणून गळत नाही. आयने काचेच्या तुकड्याने घासून तिची कड गुळगुळीत केली होती. हात लागून लागून बाहेरची बाजू चिंचोक्यासारखी चकाकते. या करवंटीने आय जवळा विकायची. विकायची म्हणजे खरं तर बदलायची. आमचा जवळा द्यायचा आणि त्यांचे तांदूळ घ्यायचे.

दिवाळी झाली की खळं सारवायला घ्यायचे. खळं म्हणजे आमची म्हावरं सुकवायची जागा, घरांच्या मागे, खाडीच्या बाजूला. शेणाचा ओला वास, त्यात खाडीच्या चिखलाचा वास, आणि दोन्हींच्या वरून खारा वारा. सारवण सुकलं की ओला जवळा, ती नखाएवढी कोलंबी, पसरायचा. सकाळी तो गुलाबी दिसायचा. ऊन चढत जाई तसा त्याचा रंग उतरत जाई, आणि दुपारी सगळं खळं फिकट पिवळं होऊन जायचं. प्रत्येकाला दोन काळे डोळे. मी काठी घेऊन कावळे हाकायला बसायचे आणि मला वाटायचं, एवढे सगळे डोळे माझ्याकडेच बघतायत. लाजऱ्या मुलीला तेवढे पुरे होतात.

संध्याकाळी मऊ केरसुणीने जवळा गोळा करायचा. वाळलेला जवळा ओंजळीतून सोडला की बारीक आवाज होतो, लांब कुठेतरी कोणी कुजबुजल्यासारखा. पिशवीतल्या जवळ्याचा तसा आवाज होत नाही. मी करून पाहिलंय.

घरी जवळा मोजायला वनस्पती तुपाचा एक रिकामा पिवळा डबा होता. वरचं चित्र पार खरवडून गेलेलं. त्या डब्यात तीन करवंट्या जवळा मावायचा. डब्याने मोजून पाटी भरायची. बाजारात मात्र डबा चालत नसे. तिथे वाटा चाले. दोन करवंट्या म्हणजे एक वाटा, आणि एका वाट्याला शेरभर तांदूळ. हे मला कोणी शिकवलेलं आठवत नाही. भरती कधी येते हे जसं कोणी शिकवत नाही, तसंच.

आठवड्यातून एकदा आम्ही मुरबाडच्या वाटेवरच्या एका गावी बाजाराला जायचो. शाळेला सुट्टी असली की मी जायचे, आणि नसली तरी पुष्कळदा जायचे. उजाडताना खोपटच्या डेपोत पाटी घेऊन उभं राहायचं. कंडक्टर आयला ओळखायचा. लांबूनच ओरडायचा, "काय मावशी, आज पण अत्तर आणलंत?"

"तुज्या बायकोला पाठवू का बाटलीभर?" आय म्हणायची.

"नको, ती माहेरी जाईल. पाटी मागच्या सीटखाली सरकवा बघू. नायतर कल्याण येईपर्यंत अर्धी गाडी उतरून चालत यायची."

सगळी गाडी हसायची आणि मी खिडकीकडे तोंड करायचे. आयला काही वाटायचं नाही. ती पायाने पाटी सरकवायची, पदराने वारा घ्यायची आणि कोणीतरी हमखास तिलाच विचारायचं, "काय आहे मावशी, जवळा का? थोडा देता का?" कल्याणला गाडी बदलायची. तिथल्या स्टँडवर गुळाचा, कांद्याचा, भिजक्या गोणपाटाचा वास एकत्र यायचा. मुरबाडच्या गाडीत बसलं की थोड्या वेळाने वास पालटायचा. पेंढा, धूर, करवंदीची जाळी. खाडी मागे राहिली हे मला डोळे मिटूनही कळायचं.

बाजारात आमची जागा वडाखाली होती. पहिलं गिऱ्हाईक आलं की आय करवंटी पाटीवरून एकदा ओवाळायची, भरायची आणि म्हणायची, "लाभ." पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. मग दुसरी करवंटी, "दोन. घे गो, वाटा झाला." पुढचं गिऱ्हाईक आलं की पुन्हा लाभ, दोन. दिवसभर तेच. मला ते ऐकता ऐकता झोप यायची आणि झोपेतही लाभ, दोन, लाभ, दोन चालू असायचं.

पाटी रिकामी झाली की उरायचा शेवटचा डबा. तोच पिवळा डबा. आय तो भरून, घट्ट झाकण लावून वेगळा आणायची. डोंगराच्या अंगाच्या एका पाड्यावरून एक बाई चालत यायची, तिला पोचायला ऊन कलायचं. तिचा वाटा मऊ पडू नये म्हणून हा बंदोबस्त. ती येऊन बसली की आय झाकण उचकटायची. टप्प असा आवाज व्हायचा आणि आतून खळ्याचं ऊन बाहेर आल्यासारखा वास यायचा. लाभ, दोन. त्या बाईचा वाटा झाला. डब्यात एक करवंटी उरायची.

बाजाराला नेलेलं परत आणायचं नाही, हा आयचा नेम होता. खाडीतून निघालेलं पुन्हा खाडीकडे नेलं तर पुढच्या खेपेला जाळं रुसतं म्हणायची. म्हणून ती शेवटची करवंटी स्टँडजवळच्या पाणपोईवरच्या म्हातारीला जायची. म्हातारी पदर पुढे करायची. आय करवंटी उपडी करताना म्हणायची, "अर्धा वाटा ऱ्हायला बग. घे."

मी चौथीत होते तेव्हा शाळेत अपूर्णांक आले. आमच्या बाईंनी फळ्यावर भाकरी काढली, तिचे तीन सारखे भाग केले आणि एका भागात खडू घासून म्हणाल्या, "एक तृतीयांश." हा शब्द मला फार आवडला. तोंडात धरून ठेवावा असा. मी तो घरभर घेऊन फिरायचे. केळ्याचे तीन भाग करून बघायचे, दारातून आत आलेल्या उन्हाच्या पट्ट्याचे करायचे, खाटेवर झोपलेल्या मांजराचे नजरेनेच करायचे. डोकं एक तृतीयांश, पोट एक तृतीयांश, शेपूट एक तृतीयांश.

आणि मग त्या आठवड्याच्या बाजारात आय म्हणाली, "अर्धा वाटा ऱ्हायला," आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आये, ही अर्धी नाय गो. ही तिसरी हाय."

आयने हात थांबवला. "कसली तिसरी?"

"डब्यान तीन मावतात. त्यातली एक ऱ्हायली. म्हंजे एक तृतीयांश."

"आन त्या पाड्यावरल्या बाईला मी काय दिला?"

"वाटा."

"वाट्यान किती करवंट्या?"

"दोन."

"मग ही एक अर्धी नाय तर काय?"

"पन आमच्या बाईंनी सांगितलंय..."

"तुज्या बाईंना सांग," आय म्हणाली, "तिसरा हिस्सा मागाया माज्याकडं कोन येत नाय. अर्धा वाटा मागाया येतात."

पाणपोईवरची म्हातारी पदर धरून उभीच होती. ती म्हणाली, "भांडू नका गं मायलेकी. मला पुरी हाय."

त्यानंतर दर बाजाराला हा आमचा खेळच झाला. आय करवंटी उचलायची, माझ्याकडे तिरकं बघायची आणि मुद्दाम लांबवून म्हणायची, "अर्धाऽऽ वाटा." मी म्हणायचे, "तिसरी." म्हातारी म्हणायची, "पुरी, पुरी," आणि दात नसलेल्या तोंडाने हसायची. जवळा तिच्या पदरात पडतानाचा तो आवाज. मग ती आम्हाला मडक्यातलं पाणी द्यायची. त्या पाण्याला वाळ्याचा वास असायचा.

आय हरायची नाही आणि मीही हरायचे नाही. मला खरंच वाटायचं की बाजारातलं गणित वेगळं आणि शाळेतलं वेगळं. दोघं एकाच गावात राहतात पण त्यांचं येणंजाणं नाही.

पाचवीत मी गेले नाही. ते का, हे लिहायला बसले तर हे राहून जाईल. बाजाराला मात्र जात राहिले. एकदा वडाजवळच्या गाडीवर आयने भजी घेतली. ती ज्या कागदात बांधली होती तो गणिताच्या पुस्तकाचा कागद होता, पुढच्या इयत्तेचा. भजी संपली आणि मी कागद वाचायला लागले. पाऊण भागिले एक अष्टमांश, असं गणित होतं. त्याखाली दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणला होता आणि उत्तर आलं होतं सहा. का उलटा केला, ते पुढे लिहिलेलं असणार. पण तिथे तेल उतरलं होतं आणि मागच्या पानाची अक्षरं पुढे येऊन सगळी गिचमीड झाली होती. मी कागद उन्हाकडे धरून पाहिला. तेलातून ऊन सुंदर दिसलं, एवढंच.

भागलं की कमी होतं, एवढं मला येत होतं. चिंबोऱ्या चौघांत भागल्या की ज्याच्या त्याच्या ताटात कमी येतात. मग पाऊणला भागून सहा कसे आले? पाऊण तर एकसुद्धा नाही. आणि एक अष्टमांशाने भागायचं म्हणजे किती जणांत वाटायचं? अष्टमांश माणूस आणायचा कुठून? मी गाडीत बसल्याबसल्या माणसांकडे बघत होते. त्यांचे आठ भाग करत होते. कंडक्टरचा एक भाग आला असता बाजाराला, बाकीचे सात तिकिटं फाडत राहिले असते. मला हसू आलं. आयने विचारलं, "काय गो?" मी म्हटलं, "काय नाय."

बाई मला रस्त्यात भेटायच्या. "काय गं, बरी आहेस ना?" विचारायच्या. मी मान हलवायचे. प्रश्न जिभेवर असायचा. बाईंची छत्री वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तो तिथेच असायचा, मग खाली जायचा. किती वेळा असं झालं. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी नक्की सांगितलं असतं. रागवायच्या नाहीत त्या.

मग लग्न झालं, डोंबिवलीला आले, मुलगा झाला. तो शाळेत हे शिकत होता तेव्हा मी पोळ्या लाटत त्याच्या मागे उभी राहिले होते. "उलटं का करतात रे?" असं एकदा विचारलं. खूप हळू विचारलं असणार, कारण तो म्हणाला, "पोळी उलटी कर ना आई, जळतेय." आणि खरंच जळत होती.

आता त्याची मुलगी, सई, सहावीत आहे. मागच्या आठवड्यात ती शाळेतून आली आणि कंपासपेटी पलंगावर फेकली. पेटी उघडली, कर्कटक घरंगळत पलंगाखाली गेलं. मी वाकून ते काढत होते तेव्हा वरून तिचा आवाज आला.

"आजी, चित्र खोटं बोलतं का गं?"

तिने चाचणीचा पेपर माझ्यासमोर धरला. गणित असं होतं: एक मीटर फीत आहे. एका फुलाला दोन तृतीयांश मीटर फीत लागते. किती फुलं होतील? सईने पट्टीने फितीचं चित्र काढलं होतं. तिचे तीन सारखे भाग केले होते. दोन भाग गुलाबी रंगवून त्यावर लिहिलं होतं, एक फूल. तिसरा भाग पांढरा होता. त्यावर लिहिलं होतं, उरला एक तृतीयांश. आणि खाली उत्तर, एक पूर्णांक एक तृतीयांश. त्यावर लाल फुली.

"बरोबर उत्तर दीड आहे," ती म्हणाली. "उलटं करून गुणलं की दीडच येतं. मी नंतर केलं. पण चित्रात बघ ना! एक फूल झालं आणि एक तुकडा उरला. तो तिसरा भागच आहे. मी पट्टीने काढलंय आजी, वाकडं नाहीये."

"मॅमना विचारलंस?"

"मॅम म्हणाल्या, चित्र काढत बसू नकोस, वेळ जातो, डायरेक्ट उलटं करायचं. बेल झाली होती ना, त्यांना दुसऱ्या वर्गावर जायचं होतं." तिने पेपराची घडी घातली. मग त्या घडीची आणखी एक घडी. "जाऊ दे. मी आता चित्रबित्र काढणारच नाही. का-बिकाचा विचारच करायचा नाही. नुसतं उलटं करायचं. मार्क मिळाले, विषय संपला."

ती घडी मी ओळखत होते. प्रश्नाची घडी घालून तो आत ठेवला की पुन्हा बाहेर निघत नाही. तो कुजत नाही, जिवंतही राहत नाही, तेल लागलेल्या कागदासारखा नुसता राहतो. ही पोर तर घरात सगळ्यांना प्रश्न विचारून भंडावणारी. पाल भिंतीवरून का पडत नाही, पाण्याला वास का नसतो. तिने विचारणं सोडलं तर या घरात विचारणारं दुसरं कोण आहे?

"थांब," मी म्हटलं. ते इतक्या मोठ्याने आलं की सून स्वयंपाकघरातून डोकावली.

मला उत्तर माहीत नव्हतं. हे आधीच सांगते. फक्त तो पांढरा तुकडा मी कुठेतरी पाहिला होता, आणि तो तिसरा की अर्धा यावर मी भांडलेही होते.

करवंटी काढली. तीन करवंट्या मावतील असा डबा शोधला. साखरेचा लहान पडला, रव्याचा मोठा, चहाचा बेतोबेत निघाला. सून म्हणाली, "आई, चहा कशात ओतू मी आता?" पण तिने ओतला कशाततरी. मी पलंगावर वर्तमानपत्र पसरलं आणि डबा तांदळांनी भरला.

"ही तुझी फीत," मी म्हटलं. "डबा म्हणजे एक मीटर. आणि दोन करवंट्यांचा एक वाटा. वाटा म्हणजे तुझं फूल."

करवंटी डब्यात बुडवली, भरली, कागदावर ओतली. "लाभ."

"लाभ काय?"

"पहिल्याला लाभ म्हणायचं असतं. दोन. झाला वाटा."

डब्यात एक करवंटी तांदूळ राहिले. मी ते करवंटीत उचलून घेतले आणि काही न ठरवता माझ्या तोंडून आयचा आवाज निघाला, तिच्याच सुरात. "अर्धाऽऽ वाटा ऱ्हायला."

"अर्धा कसा?" सई एकदम उसळली. "आजी, वन थर्ड आहे तो! डब्यात तीन होत्या ना?"

मला इतकं हसू आलं की थोडे तांदूळ सांडले. वडाखाली उभी असलेली, परकराला जवळा चिकटलेली ती मुलगी मला समोर दिसली. मी सईला म्हटलं, "माझी आय म्हणायची, तिसरा हिस्सा मागायला माझ्याकडे कोणी येत नाही. अर्धा वाटा मागायला येतात."

सई आधी फुरंगटली. मग करवंटीतल्या तांदळांकडे बघत राहिली, कागदावरच्या ढिगाकडे बघितलं, मग पेपराची घडी उलगडली. एक, मग दुसरी. गणित पुन्हा वाचलं, ओठ हलवत.

"किती फुलं, असं विचारलंय," ती हळूच म्हणाली. "किती मीटर उरली, असं नाही विचारलं."

मी करवंटी तिच्यापुढे धरली.

"फुलं विचारली तर फुलांतच सांगायला हवं ना, आजी? हा तुकडा मीटरचा वन थर्ड आहे. पण फुलाचा अर्धा आहे. एक फूल आणि अर्धं फूल." तिने वर पाहिलं. "चित्र बरोबर होतं. मी त्याच्यावर नाव चुकीचं लिहिलं."

तिसरा हिस्सा मागाया कोन येत नाय. आयने मला सांगितलं होतं, सरळ सांगितलं होतं, आणि मी ते गिऱ्हाइकाशी बोलायचं बोलणं समजले. आणि मीही चुकले नव्हते. ती वाट्याने बघत होती, मी डब्याने. करवंटी तीच होती.

सईचं तेवढ्यावर भागणार नव्हतं. तिने पेन्सिल काढून वर्तमानपत्राच्या कडेला लिहायला घेतलं. डब्यात तीन. वाट्यात दोन. "म्हणजे डब्यात किती वाटे ते काढायला तीनला दोनने भागायचं. तीन छेद दोन. दीड." मग ती किंचाळली. सून पुन्हा डोकावली.

"उलटं झालं! आजी, बघ ना! दोन छेद तीन होतं, ते तीन छेद दोन झालं. आपण केलंच नाही उलटं. ते आपलं आपण झालं!"

मी तिच्याकडून पुन्हा समजावून घेतलं. मला एकदम कळत नाही, सावकाश कळतं. वरचे दोन म्हणजे वाट्यातल्या करवंट्या. खालचे तीन म्हणजे डब्यातल्या. विचारायचं काय, तर डब्यात वाटे किती निघतात. म्हणून तीन वर जातात आणि दोन खाली येतात. बस, एवढंच. इतकी वर्षं मला वाटत होतं की यात काहीतरी फार अवघड असणार, माझ्यापासून मुद्दाम तेलाने झाकलेलं.

मग मला भज्यांचा कागद आठवला. मी सईला ते गणित सांगितलं, पाऊण भागिले एक अष्टमांश. तिने पट्टीने चित्र काढलं. पुन्हा चित्र काढलं, हे मी मनात नोंदवून ठेवलं. आठ भाग केले, पाऊण रंगवलं, बोटाने मोजलं. सहा. लहान मापाने मोजलं तर मापं जास्तच निघणार. बाजारात वाटा लहान केला की वाटे वाढतात, हे तर मी दर बाजाराला बघत होते. अष्टमांश माणूस मुळी आणायचाच नव्हता. अष्टमांश माप हवं होतं, आणि माप तर माझ्या हातात होतं.

"हे तांदूळ परत डब्यात टाकू?" सईने विचारलं. करवंटी अजून भरलेलीच होती.

"नको. बाजाराला नेलेलं परत आणायचं नाही."

"मग कोणाला द्यायचं?"

मी तिला पाणपोईवरच्या म्हातारीचं सांगितलं. वाळ्याचं पाणी, पुढे केलेला पदर, आणि आम्ही भांडत असताना तिचं म्हणणं. मला पुरी हाय. सई विचार करून म्हणाली, "तिचंही बरोबर आहे. तिला एवढीच हवी होती ना? मग तिची पुरीच झाली. तुम्ही तिघी बरोबर होतात, आणि उगाच भांडत होतात." तिने ते तांदूळ एका ताटलीत काढले आणि खिडकीच्या कट्ट्यावर चिमण्यांसाठी ठेवले. चिमण्या इथे कमीच येतात. कारखान्यांचा वास आत येत होता, आणि आज तो मला जाणवला. सांजेचा, थोडा आंबूस, थोडा गोड.

सई पेपरावर लाल फुलीच्या शेजारी काहीतरी लिहीत बसली, उद्या मॅमना दाखवायला. मी करवंटी पुसत होते आणि मला आठवलं की लग्नघरचं गिऱ्हाईक आलं की आय वाटा बदलायची. लग्नघरचा वाटा चार करवंट्यांचा. चार. डब्यात तर तीनच मावतात. मग?

तो प्रश्न जिभेवर आला. मी त्याला ओळखलं. बाईंची छत्री वळणापर्यंत जायला लागायचा तेवढाच वेळ तो तिथे थांबतो, मग खाली जातो.

"सई," मी म्हटलं, "वाटाच डब्याहून मोठा असला तर गं?"

सईने मान वर केली. "असं असतं का कधी?"

"लग्नघरी असतं. चार करवंट्यांचा वाटा, आणि डबा आपला हाच. मग डब्यात वाटे किती?"

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं. पेन्सिल कागदावर टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. मग तिने पेन्सिल बाजूला ठेवली, डबा पुन्हा तांदळांनी भरून आणला आणि मांडी घालून माझ्यासमोर बसून तो आमच्या दोघींच्या मध्ये ओढला.

"माहीत नाही," ती म्हणाली. डोळे चमकत होते. "भर तू. बघू या."

मी करवंटी तांदळात बुडवली, कडेपर्यंत भरली आणि वर उचलली.

"लाभ," सई म्हणाली.